दसऱ्याला धुतलेलं विमान

इंजिन बंद पडलं तेव्हा कहकशांच्या तोंडात शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा होता. तो तिनं चावला नाही, गिळला नाही, थुंकलाही नाही. पुढची चार मिनिटं तो गालातच राहिला आणि जमिनीवर उतरल्यावर तिला त्याची आठवण झाली.

मोठा आवाज झाला, धूर निघाला, असं काही घडलं नव्हतं. तेल संपत आलेल्या दिव्याची ज्योत बारीक होत जाते तसा इंजिनाचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. समोरचा पंखा मात्र वाऱ्यानं भिंगरीसारखा फिरत राहिला. त्या शांततेत कहकशांला शिटीसारखा आवाज ऐकू येऊ लागला. तो पंखांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा होता. इतके महिने तो तिथंच होता, इंजिनानं ऐकू दिला नव्हता एवढंच.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली पडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. उतारावर पायडल मारणं थांबवलं तरी सायकल चालतच राहते ना? विमानाला हवेचा उतार असतो. नाक थोडं खाली ठेवलं की ते घसरत पुढं जातं. कहकशांचं ते दोन माणसांचं छोटं विमान एक किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण नऊ किलोमीटर पुढं जाऊ शकत होतं. त्या वेळी ती जमिनीपासून आठशे मीटर वर होती. म्हणजे हाताशी सहा-सात किलोमीटरचा घेर होता आणि चार मिनिटं होती. चार मिनिटं म्हणजे फार कमी वाटतात, पण ज्याला काय करायचं ते ठाऊक आहे त्याला पुरतात.

कहकशां पांढरकवड्याची. तिथं बसस्टँडमागं तिच्या वडिलांचं, गफ्फारमियांचं, मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका उड्डाण शाळेत ती वैमानिक व्हायला शिकत होती. तिचे गुरुजी कॅप्टन प्रेमसिंग, मूळचे पुसदकडच्या तांड्यावरचे. विद्यार्थ्यांना ते चहा पिताना, जेवताना, कुठंही मध्येच गाठायचे आणि म्हणायचे, "इंजिन बंद पडलं. बोल!" मग हातातला घास हातात ठेवून सगळा क्रम घडाघडा म्हणावा लागायचा. "हात थरथरले तरी चालतील," ते म्हणायचे, "क्रम चुकता कामा नये."

कहकशांनं क्रम सुरू केला. आधी वेग सांभाळला. मग इंजिन पुन्हा चालू करण्याचे जे उपाय असतात ते केले. इंजिनानं दाद दिली नाही. रेडिओवर आपला ठावठिकाणा सांगितला आणि जागा शोधायला खाली पाहिलं.

खाली मारेगाव तालुका पसरला होता. ऑक्टोबर महिना, दसऱ्याचा आदला दिवस. बहुतेक शेतांत कमरेएवढी कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी. तिथं उतरलं तर चाकं झाडांत अडकून विमान उलटणार. डांबरी रस्ता होता, पण त्याच्या कडेनं विजेच्या तारा होत्या आणि वर दोन ट्रक. मग तिला एक लांबट, पिवळट पट्टा दिसला. सोयाबीन कापून झालेलं शेत. त्याच्या एका टोकाला मळणी यंत्र चालू होतं आणि त्यातून उडणारा भुसा पूर्वेकडून पश्चिमेकडं जात होता. वारा कुठून येतो ते भुशानं सांगितलं. वाऱ्याकडं तोंड करून उतरायचं असतं, म्हणजे वेग लवकर मरतो. नशिबानं शेताची तासंही, म्हणजे पेरणीच्या लांब रेघा, पूर्व-पश्चिमच होती. तासाला आडवं उतरलं असतं तर एकेका सरीवर चाक आदळत गेलं असतं.

"इंधन बंद," ती मोठ्यानं म्हणाली आणि खटका ओढला. "स्विच बंद. दार उघडं." उतरताना दार वाकून अडकू नये म्हणून ते आधीच किलकिलं करून ठेवतात.

चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. सोयाबीनची खुंटं कडकड मोडत गेली. ताडपत्री झाकलेली एक गंजी समोरून वेगानं मोठी होत आली आणि तिच्यापासून दहा पावलांवर विमान थांबलं.

*

ते शेत बोरगावच्या पुंडलिकरावांचं होतं. मळणी यंत्राच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मान वर केली तर शेतात विमान उभं. सोंगणीवाल्या बाया विळे टाकून पळाल्या होत्या, त्या आता परत फिरल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं पुंडलिकरावांच्या पत्नी वच्छलाबाई होत्या, हातात पाण्याचा गडवा घेऊन.

"पोरी, लागलं त नाई ना कुठी?"

"नाही काकू."

"अन् डायवर कुठी हाय?"

"मीच आहे काकू."

वच्छलाबाईंनी विमानात डोकावून पाहिलं. आत दुसरं कोणी नव्हतं. मग त्यांनी मागं वळून नवऱ्याला हाक मारली, "अवो, ऐकलं का! एकटी पोरगी हाय. तुमाले अजून गल्लीत टॅक्टर वळवता येत नाई!"

"गल्ली अरुंद हाय ते," पुंडलिकराव म्हणाले.

कहकशां पाणी प्यायली, चिक्की चावली. ती तिथंच खुंटांवर बसली. तिनं कॅप्टनना फोन लावला.

"जिवंत आहेस. छान," ते म्हणाले. "विमान?"

"उभं आहे सर. ओरखडासुद्धा नाही."

"आता ऐक बेटा. विमानाला कोणाला हात लावू देऊ नको. उद्या तपासणी अधिकारी येतील. इंजिन का बंद पडलं ते पाहतील. यंत्राचा दोष असला तर तू शाब्बास. तुझी चूक असली, निघण्याआधी तू काही तपासायचं राहिलं असेल, तर शाळेचा नियम तुला माहीत आहे."

तिला माहीत होता. चूक तिची ठरली तर तिचं एकटीनं उडणं थांबणार आणि नाव शाळेतून कमी होणार. एकटीनं करायच्या लांब उड्डाणांपैकी हे शेवटचं होतं. यानंतर परवान्याची परीक्षा.

"मी सगळं तपासलं होतं सर."

"मलाही तसंच वाटतं. पण वाटून काही होत नाही. कागदावर काय येतं ते बघायचं."

तासाभरात गफ्फारमियां मोटारसायकलवरून येऊन पोहोचले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, चेहरा चाचपला, दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. सगळी जागच्या जागी आहे याची खात्री झाल्यावर त्यांची नजर विमानाच्या नाकाकडं गेली.

"अब्बा, नाही."

"मी काही केलं का?"

"पान्यावर हात गेला तुमचा."

गफ्फारमियांनी खिशातून हात बाहेर काढला. "नुसतं बोनेट उघडून पाहतो ना बेटा. दोन मिनिटं. बंद पडलेली गाडी समोर उभी अन् मी नुसता उभा, असं चाळीस वर्षांत झालं नाही."

"नाही म्हणजे नाही."

मग त्यांनी हात पाठीमागं बांधले आणि विमानाभोवती फेऱ्या मारू लागले.

दुपारी पोलीस आले. त्यांनी पंचनामा केला, विमानाच्या दोन्ही दारांना कुलूप लावून वर कागदी मोहोर चिकटवली आणि गावचे कोतवाल गुलाबसिंग यांना रात्री राखणीला बसवलं. संध्याकाळी कॅप्टन येऊन विमान बाहेरून पाहून गेले. विमानाची किल्ली त्यांनी कहकशांकडून स्वतःकडं घेतली. रात्री ते आणि कहकशां गफ्फारमियांच्या घरी पांढरकवड्याला मुक्कामाला गेले. निघताना कॅप्टननी पुंडलिकरावांना हात जोडून सांगितलं, "काकाजी, उद्या साहेब येईपर्यंत विमान जसं आहे तसं राहू द्या. कोणी हात लावायचा नाही."

"बिनघोर जा," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या शेतातली वस्तू. तिले काई होऊ देतो का मी?"

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते तिघं परत आले. सोबत तपासणी अधिकारी होते. कमी बोलणारे, चष्मा लावणारे, हातात काळी पेटी. शेताच्या बांधावर गाडी थांबली.

विमान चमकत होतं.

काल त्याच्यावर भुसा होता, धूळ होती, पोटाखाली चिखलाचे शिंतोडे होते. आज दुधासारखं पांढरं. पंख्याच्या पात्यांना झेंडूच्या माळा, नाकावर हळदीकुंकवाची पाच बोटं, तिन्ही चाकांखाली एकेक लिंबू, शेपटीला आंब्याच्या पानांचं तोरण. शेजारी पुंडलिकरावांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट तसाच नटून उभा. विमानाखालची माती ओली होती. अर्धं गाव नवे कपडे घालून गोल उभं होतं आणि पुंडलिकराव फेटा बांधून पुढं आले.

"या साहेब. दसऱ्याचं सोनं घ्या," असं म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली.

"हे... कोणी केलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आमीच केलं. दसरा हाय ना साहेब आज. घरची बैलगाडी, वखर, टॅक्टर, सगळं धुतलं. हेच एकटं मळकं कायले ठेवायचं? पाव्हणं हाय आपलं."

कॅप्टन प्रेमसिंगांनी कपाळाला हात लावला. "काकाजी, हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"नाई लावला!" गुलाबसिंग कोतवाल घाईनं म्हणाले. "पाइपानं धुतलं. अन् दाराच्या कागदावर प्लास्टिकची पन्नी बांधली व्हती आधी. मोहोर पाहा, कोरडी ठण्ण."

मोहोर खरंच कोरडी होती. अधिकाऱ्यांनी ती पाहिली, दोन्ही दारं पाहिली, वहीत काही लिहिलं. मग पेटीतून एक छोटा पारदर्शक पेला काढला.

हा पेला प्रत्येक वैमानिकाकडं असतो. निघण्याआधी टाकीच्या तळाशी असलेल्या तोटीतून थोडं इंधन त्यात घेऊन पाहायचं असतं. या विमानांचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून टाकीत पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसतं आणि पेल्यात निळ्या थराखाली बिनरंगी थेंब दिसतो. घरी तेलात पाण्याचे दोन थेंब टाकून पाहिलं तरी हे कळेल. इंजिनात पाणी जळत नाही. पाणी गेलं की ते बंद पडतं.

अधिकाऱ्यांनी उजव्या पंखाखाली पेला धरला, तोटी दाबली आणि पेला उजेडात धरला. वर निळं पेट्रोल होतं. खाली बोटभर पाणी.

डाव्या टाकीत नव्हतं. उजवीत होतं.

"काल निघताना तपासलं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो साहेब. दोन्ही टाक्या," कहकशां म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "स्वच्छ होतं."

"इतकं पाणी एका उड्डाणात येत नाही. आधीपासून असणार." ते लिहू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असलाच तर थोडी दया होती, आणि तिचंच कहकशांला जास्त वाईट वाटलं.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. पुंडलिकरावांनी गफ्फारमियांना कोपरानं ढोसलं. "काय सापडलं बाप्पा?"

"टाकीत पाणी, पाटील. पोरीनं पाहिलं नाही असं म्हणून राह्यले. आता तिला काढून टाकतील शाळेतून."

"टाकी कोणती? हे वरची? पंखावरची?"

"हो. ते गोल झाकण आहे ना, त्याच्या खाली."

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. फेट्याखालून घामाचा ओघळ आला. ते एकदा पंखाकडं, एकदा पेल्याकडं आणि मग बायकोकडं पाहू लागले. चौदा वर्षं ते गावच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. आपलं चुकलं असं चारचौघांत म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

वच्छलाबाई त्यांच्या कानाशी आल्या. "तुमी सांगता का मी सांगू?"

"थांब वं जराशी."

"कायले थांबू? पोरगी पाहा कशी उभी हाय."

पुंडलिकरावांनी घसा खाकरला. "साहेब. ते पाणी माह्या हातचं हाय."

अधिकाऱ्यांनी वर पाहिलं.

"आमच्या घरी रीत हाय," पुंडलिकराव सांगू लागले. "माह्या बापापासून. दसऱ्याले जनावर असो का यंत्र, ज्या तोंडानं ते खाते त्या तोंडाले टिळा लावायचा. बैलाच्या तोंडाले लावतो. टॅक्टरच्या टाकीचं झाकण उघडून लावतो. तं आज टॉलीवर चढलो, हे झाकण दिसलं, उघडलं, पुसलं, टिळा लावला. अन् तेवढ्यात खालून या गुलाबसिंगनं पाइप मारला."

"तुमीच म्हनलं 'मार पाणी'!" गुलाबसिंग म्हणाले.

"मी चाकाले म्हनलं व्हतं!"

"चाकावर मारूनच राह्यलो व्हतो, तुमी वरून काय म्हणता ते पाह्यले वर मान केली, तं पाइप बी वर गेला."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "काका, मुलगी चांगली आहे. तिचं नुकसान होऊ नये असं तुम्हाला वाटतं, ते मला समजतं. पण..."

"आवं, मंग मी बी उघडलं व्हतं झाकण!" गर्दीतून शकुबाई ओरडल्या. काल विळा टाकून पळालेल्यांत त्या सगळ्यांत पुढं होत्या.

"मी तं बालटीभर पाणी ओतलं साहेब!" मागून कोणीतरी म्हणालं.

"मी बी!"

"मी दोन बालट्या!"

क्षणात पंधरा-वीस हात वर झाले. त्या सगळ्यांनी सांगितलं तेवढं पाणी खरंच ओतलं असतं तर विमानाची विहीर झाली असती. पुंडलिकराव डोक्यावर हात मारून ओरडले, "चूप बसा लेकाचेहो! पह्यल्यांदा खरं बोलून राह्यलो अन् तुमी ते खोटं पाडून राह्यले!"

अधिकारी ट्रॉलीवर चढले आणि त्यांनी उजव्या टाकीचं झाकण फिरवून उघडलं. आतल्या बाजूला, पेट्रोलनं थोडा पसरलेला, कुंकवाचा ठिपका होता. त्यांनी त्याचा फोटो काढला. डावीकडचं झाकण उघडलं. तिथं काही नव्हतं.

"तिकडं काहून नाही लावला?" गफ्फारमियांनी विचारलं.

"दोन तोंडं असतीन हे मले काय ठाऊक!" पुंडलिकराव म्हणाले.

अधिकारी खाली उतरले. "झाकण तुम्ही उघडलं हे मी मानतो. पाणीही कदाचित गेलं असेल. पण काल उडताना टाकीत पाणी नव्हतंच, हे यावरून ठरत नाही. दोन्ही असू शकतं. आणि आता ते वेगळं कसं काढणार?"

कॅप्टन प्रेमसिंग बाजूला उभे राहून ऐकत होते. आता ते कहकशांकडं वळले आणि चहाच्या टपरीवर विचारावं तसं म्हणाले, "इंजिन बंद पडलं. बोल."

तिला आधी कळेना. मग ती सवयीनं बोलू लागली. "वेग. इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न. रेडिओ. जागा. वारा. इंधन बंद..." ती थांबली. "साहेब, इंधन बंद!"

"म्हणजे?"

ती गुडघ्यावर बसली आणि काडीनं मातीत रेघ ओढू लागली. बायाही वाकून पाहू लागल्या. "ही वर टाकी. ही नळी खाली येते. इथं मध्ये खटका आहे, नळासारखा. खटक्याच्या पुढं गाळणीची वाटी, आणि तिच्या पुढं इंजिन. मी उतरण्याआधी खटका बंद केला. तेव्हापासून टाकीतलं काहीही वाटीत गेलेलं नाही. म्हणजे वाटीत जे आहे ते कालचं. इंजिन बंद पडलं तेव्हाचं. पाणी कालचं असेल तर वाटीतही सापडेल. आजचं असेल तर टाकीतच अडकलेलं असेल."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग दाराकडं. "आणि खटका तेव्हापासून बंदच आहे?"

"दाराले पोलिसाची मोहोर हाय साहेब. कोरडी ठण्ण," गुलाबसिंग म्हणाले.

मोहोर फोडली. कॅप्टननी किल्ली दिली. अधिकाऱ्यांनी आत वाकून पाहिलं. खटका पूर्ण ओढलेला होता. त्याचाही फोटो निघाला. मग नाकाजवळचं झाकण उघडून त्यांनी खाली बसून गाळणीची वाटी सोडवली. कहकशांनं डोळे मिटले. आपण काल तपासलं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्या अर्ध्या मिनिटात तिला स्वतःचीच खात्री वाटेना. खरंच दोन्ही टाक्या पाहिल्या होत्या ना? उजवी आधी की डावी?

"निळं," वच्छलाबाईंचा आवाज आला. "सगळं निळं हाय माय! खाली थेंब नाई!"

तिनं डोळे उघडले. वाटी काठोकाठ भरलेली होती आणि तळापर्यंत स्वच्छ निळी होती. अधिकाऱ्यांनी ती तिरपी करून पाहिली, हलवून पाहिली, उन्हात धरून पाहिली.

"पाणी आजचं आहे," ते म्हणाले.

गाव ओरडलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पुंडलिकरावांनी फेटा सारखा केला. त्यांना एवढा आनंद आपण बरोबर ठरल्यावरही कधी झाला नसेल.

"पण मग बंद का पडलं?" अधिकाऱ्यांनी स्वतःशीच विचारलं.

"साहेब," गफ्फारमियां म्हणाले. त्यांचे हात अजून पाठीमागंच होते. "मी काही लावत नाही हात. फक्त बोलू का?"

"बोला."

"वाटीत पेट्रोल काठोकाठ. म्हणजे इथवर माल बरोबर आला. पोरगी सांगते आवाज बारीक होत होत गेला. खोकलं नाही, झटका नाही. म्हणजे पुढं उपाशी मेलं. कार्बोरेटरमध्ये तरंगणारं असतं ना, त्याची सुई वरच अडकली असेल. पेट्रोल आत जातच नसेल. माझ्याकडं अशा गाड्या महिन्याला दोन येतात. फक्त त्या रस्त्यावर थांबतात."

अधिकाऱ्यांनी कार्बोरेटर खोलला. आतली पेट्रोलची कुपी कोरडी होती. बारीक सुई झिजून तिरपी झाली होती आणि वरच्या भोकात घट्ट रुतून बसली होती. त्यांनी चिमट्यानं ती हलवली तेव्हा टक्क असा आवाज झाला.

"हे निघण्याआधी बाहेरून दिसू शकत नाही," ते म्हणाले आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग वही मिटली. "पूर्ण अहवालाला वेळ लागेल. पण वैमानिकाची चूक मला दिसत नाही. उलट खटका वेळेवर बंद केला नसता तर आज मी काही वेगळंच लिहून गेलो असतो." ते पुंडलिकरावांकडं वळले. "आणि काका, पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी फक्त चाकाले," पुंडलिकराव म्हणाले.

"पुढच्या वेळी कशालाच नाही."

जेवायला सगळे पुंडलिकरावांच्या अंगणात बसले. अधिकारी नको नको म्हणत होते, पण वच्छलाबाईंनी त्यांच्यापुढं ताट ठेवलंच आणि पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी केली. गफ्फारमियां अधिकाऱ्यांशेजारी बसून त्या सुईविषयीच बोलत होते. विमान आता पंख सोडवून ट्रकवरून न्यायचं होतं, त्यासाठी चार तगडी माणसं लागणार होती आणि नावं द्यायला चाळीस जण पुढं आले होते.

"सोमवारी सकाळी सात वाजता," कॅप्टन प्रेमसिंग कहकशांला म्हणाले. "दुसरं विमान. एकटी. काल राहिलं तेच उड्डाण पहिल्यापासून."

"मार्ग तोच सर?"

"तोच. बोरगाववरून."

हे ऐकून पुंडलिकरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "सोमवार म्हणतेत का तुमी? मंग ऐक पोरी. मी त्या शेतात बुधवारी हरभरा पेरून राह्यलो. तुले उतरायचं असन तं त्याच्या आधी उतर."

सगळी पंगत हसली. गफ्फारमियां मात्र गंभीरपणे म्हणाले, "पाटील, उड्डाण पुढं ढकललं गेलं म्हणजे? पेरणी गुरुवारी केली तर नाही चालणार का?"